अकरा मैलांसाठी तीन वर्षं

मी एक पिकअप बोलतेय. दोन दारं, एक लांब सीट, मागे उघडा हौदा आणि रंग मुळात पांढरा. नेवाडातल्या एका लहान गावाच्या टोकाला, लायल आणि अर्लीन यांच्या अंगणात मी उभी आहे. माझ्या पुढच्या काचेला आतून एक पुठ्ठा लावलाय. त्यावर लायलच्या हाताने लिहिलंय, 'विकणे आहे'. खाली फोन नंबर आहे, पण त्यातला शेवटचा आकडा उन्हाने उडून गेलाय. हे लायलच्या लक्षात आलेलं आहे. तरी त्याने तो अजून गिरवलेला नाही.

मला बघून लोकांचा गैरसमज होतो. एवढी उंच गाडी, असले रुंद टायर, पोटाखाली जाड पत्रा, म्हणजे ही डोंगर पालथे घालणारी असणार, असं त्यांना वाटतं. मग एखादा जाणकार वाकून खाली बघतो. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडाच नाही हे त्याला दिसतं आणि तो हसत उभा राहतो. हसू देत. माझी पुढची चाकं नुसती वळतात, ढकलायचं काम मागच्या दोघांचं. मी जन्माने अशीच आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायला लावली ती माणसांनी, आणि तीसुद्धा फार नंतर.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात पट्ट्यावरून सरकत सरकत, माझ्यासारख्याच शेकडो बहिणींच्या रांगेत मी तयार झाले. चारी चाकांना जोर असलेल्या गाड्यांची रांग वेगळी होती. जाहिरातीतले डोंगर त्यांच्यासाठी होते, आमच्यासाठी कामधंदा होता. मला घेतलं एका कुंपणवाल्याने. गुरांच्या कुरणांना तारेची कुंपणं घालायचं त्याचं काम होतं. हौद्यात काटेरी तारेची भेंडोळी आणि लोखंडी खांब भरून तो मला कुठे कुठे घेऊन जायचा! वाळूचे ओढे, दगडांचे चढ, गाईंनी पाडलेल्या पायवाटा. चाक रुतलं की शिव्या घालत उतरायचा, फावडं घ्यायचा, टायरमधली थोडी हवा सोडायचा आणि पुन्हा निघायचा. मला दोनच चाकांचा जोर आहे हे त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. त्याने तो विषयच कधी काढला नाही. चौदा वर्षं त्याने मला राबवलं, मग त्याचे गुडघे गेले आणि मी विक्रीला निघाले.

तेव्हा लायल आला.

लायल तांब्याच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. आयुष्य पाना-पकडीत गेलेलं, नुकताच कामावरून मोकळा झालेला. त्याच्याबरोबर त्याची बायको अर्लीन होती. लायल माझं बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला, आणि अर्लीनने सरळ दार उघडलं, सीटवर बसली आणि पाय आत घेतले.

"हीच घेऊ," ती म्हणाली. "हिच्यात मला बसता येतं."

घरी येताना मला त्यांची सगळी हकिकत कळली, कारण गाडीत बसली की माणसं एकमेकांकडे न बघता बोलू शकतात आणि म्हणून खरं बोलतात. अर्लीनच्या डोळ्यांच्या पडद्याचा काहीतरी आजार होता. नजर मधोमध विरत चालली होती. डॉक्टरने तिला सांगितलं होतं की रंग आधी जातील, मग चेहरे, शेवटी नुसता उजेड-अंधार उरेल. किती दिवसांत, असं तिने विचारलं तर डॉक्टर म्हणाला, जे बघायचं असेल ते बघून घ्या.

तिला काय बघायचं होतं, ते तिने तिथेच ठरवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लायलच्या भावाचा ट्रक मागून घेऊन दोघं डोंगरातल्या एका जुन्या खोपीवर राहायला गेली होती. कुणा खाणवाल्याने बांधलेली ती लाकडी खोपी आता कुणाचीच नाही. जो जाईल तो राहतो, निघताना एखादा डबा, थोडी लाकडं मागे ठेवून येतो. डांबरी रस्ता सोडला की कोरड्या ओढ्यातून अकरा मैल आत. तिच्या ओट्यावरून खाली मैलोन् मैल पांढरं कोरडं तळं दिसतं आणि दिवस मावळताना ते थोडा वेळ गुलाबी होतं. बस, एवढंच. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता चव्वेचाळीस वर्षं गेली होती. खाणीतल्या पाळ्या, मुलींची शिक्षणं, सासूचं आजारपण, कुठे ना कुठे अडायचं.

अर्लीन गोधड्या शिवायची. त्या वेळी तिने तळ्याच्या चित्राचीच गोधडी शिवायला घेतली होती. डोंगर झाले होते, आभाळ झालं होतं, फक्त तळ्याची गुलाबी पट्टी राहिली होती. तीन गुलाबी कापडं तिने आणली होती, पण कुठला रंग खरा ते तिला आठवेना. तिने प्रत्येकाचा हातभर तुकडा कापला आणि माझ्या डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिला.

"इथेच असू देत," ती म्हणाली. "ओट्यावर बसून लावून बघेन."

तेव्हा सप्टेंबर होता. त्या वाटेला वर्षातून दोनदाच जाता येतं, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्यात ओढा भट्टीसारखा तापतो, थंडीत वर बर्फ साचतं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी निघायचं ठरलं. मधे फक्त सोळा दिवस होते.

आणि मग शेजारचा हॉलिस मला बघायला आला.

हॉलिसकडे चारी चाकांना जोर असलेली मोठी गाडी आहे. तिला दोऱ्या, हुक, फावडी, दिवे असं काय काय लटकवलेलं असतं. माणूस वाईट नाही. अर्लीनला दवाखान्यात न्यायला तोच धावायचा. पण दुसऱ्याच्या गाडीकडे बघताना त्याचा चेहरा सोयरीक मोडायला आलेल्या मामासारखा होतो. माझ्याभोवती त्याने एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि हसला.

"अरे लायल, ही बाजारहाटाची गाडी आहे," तो म्हणाला. "ऑगस्टच्या पुरात ओढ्याची वाट धुऊन गेलीये. सातव्या मैलाला कंबरेएवढी पायरी पडलीये, मी स्वतः बघून मागे फिरलो. तिथे हिचं थोबाड फुटेल. आणि अर्लीनला तू उरलेले चार मैल चालवत नेणार का?"

संध्याकाळी लायल अंगणात येऊन माझ्या पोटाखालची उंची टेपने मोजत बसला. चारी चाकांना जोर असलेली गाडी घेण्याइतकी त्याची ऐपत नव्हती. पण हात होते, हत्यारं होती आणि गावाबाहेर भंगाराचं मोठं आवार होतं. त्याच रात्री त्याने बायकोला सांगितलं की हिला तीन इंच उचलतो, जास्त काही नाही, दोन आठवड्यांचं काम आहे.

माणूस 'जास्त काही नाही' म्हणाला की मला आता धडकी भरते.

पुढच्या स्प्रिंगांवर त्याने लोखंडी ठोकळे बसवले. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत भंगारातून आणलेलं एकेक जादा पान घातलं. मी वर उठले आणि मला उगाच टाचा उंचावून उभं केल्यासारखं वाटलं. मग कळलं की उंची वाढली तशी पुढची चाकं फेंगडी झाली. ती सरळ करायची तर एक भाग हवा होता, तो भंगारात मिळेना. शनिवार आला आणि गेला. अर्लीनने डबे भरून ठेवले होते. मक्याचा पाव, उकडलेली अंडी, पीचच्या फोडी. ते त्यांनी घराच्याच ओट्यावर बसून खाल्ले.

"एप्रिलमध्ये नक्की," लायल म्हणाला.

एप्रिलमध्ये आम्ही खरंच निघालो. पण थंडीभर त्या पायरीचा विचार करून करून लायलने तीन इंचांचे ठोकळे काढून चार इंचांचे घातले होते. तेवढं माझ्या सांध्यांना सोसणारं नव्हतं. डांबरी रस्ता सोडून अर्धा मैलही झाला नसेल, एका साध्या खड्ड्यात माझ्या पुढच्या उजव्या चाकाचा सांधा निखळला आणि चाक आडवं पडलं. कुंपणवाल्याकडे चौदा वर्षांत माझं असं कधी झालं नव्हतं. हॉलिस येऊन मला ओढून घेऊन गेला. अर्लीन माझ्यातच बसून होती. ती खण उघडून त्या तीन तुकड्यांवरून हात फिरवत होती.

"ठोकळा आधीचाच घाल आणि पुढच्या आठवड्यात जाऊ," ती म्हणाली.

लायलने तसं केलं नाही. सांधा बदलायचाच आहे तर मजबूत घालू. मजबूत सांधा घालायचा तर मोठे टायर पेलतील. मोठे टायर घासतात, म्हणून मडगार्ड कापू. एक चाक हवेत गेलं तर दुसऱ्याला जोर मिळत नाही, तेव्हा मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शिअल बदलू. पोटाखाली दगड लागेल, पत्रा ठोकू. प्रत्येक गोष्ट बरोबर होती, हीच तर गंमत. एकेकटं बघितलं तर त्याने एकही काम चुकीचं केलं नाही. स्वस्तात करायचं म्हणजे वाट बघणं आलं, कारण भंगारात हवा तो भाग हवा तेव्हा मिळत नाही. आणि इकडे ऑक्टोबर-एप्रिल कुणासाठी थांबत नाहीत.

अर्लीन रोज दुपारी कॉफी घेऊन यायची. बादली पालथी घालून माझ्या चाकाशी बसायची. लायल माझ्या पोटाखाली, बाहेर फक्त त्याचे बूट.

"एवढ्याने भागणार नाही का रे?" ती विचारायची.

"हे एकच काम राहिलंय," बूट म्हणायचे.

पहिल्या वर्षी ती कॉफीचा मग सरळ त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्या वर्षी बुटाला पायाने चाचपून मग खाली ठेवायला लागली. सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवायची. एकदा तिने माझ्या दारावर हात ठेवून विचारलं, हिला निळा रंग दिलास का? मी पांढरीच होते. लायल खाली होता. त्याच्या हातातला पाना थांबला, बराच वेळ थांबला, आणि पुन्हा फिरायला लागला.

मला एक गोष्ट माहीत आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. शेवटी शेवटी माझ्या पोटाखाली काही काम नसायचं. तो नुसता पडून असायचा. आवळलेला बोल्ट सैल करायचा आणि तोच पुन्हा आवळायचा. घरात गेलं तर तिचे डोळे समोर यायचे आणि त्यांचं काही दुरुस्त करता येत नव्हतं. माझं करता येत होतं. मी लायलला दोष देत नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर ग्रीसचा थेंब पाडून ओरडावं असं मला कितीदा वाटलं असेल! अरे बाबा, मी कुंपणवाल्याची गाडी आहे. फावडं टाक, हवा काढ, हिला बसव आणि चल. पण आम्हाला तोंड असतं ते नुसतं जाळीचं.

आणि सातव्या मैलाची ती पायरी? ती बघायला तो तीन वर्षांत एकदाही गेला नाही. हॉलिसच्या गाडीतून सहज जाता आलं असतं. पण अर्लीनशिवाय ती वाट चढायची नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. प्रेमाने धरलं होतं, म्हणून कुणाला ते सोडवता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात अर्लीन बादली न घेताच अंगणात आली. चाचपडत माझ्या बॉनेटपर्यंत पोचली आणि बुटांना म्हणाली, "लायल, उद्या निघू या. उद्या नाही निघालो तर मग मला जायचंच नाही."

बूट हलले. तो बाहेर आला. तिच्याकडे बघितलं, अगदी नीट, बऱ्याच दिवसांनी.

सकाळी पहिली अडचण माझीच झाली. मी एवढी उंच झाले होते की अर्लीनला चढताच येईना. ज्या गाडीत 'मला बसता येतं' म्हणून तिने मला पसंत केलं होतं, तिच्यात लायलने तिला उचलून ठेवलं. ती हसली. तो हसला नाही.

डांबर सुटलं, ओढा लागला. लायल जीव मुठीत धरून चालवत होता. तीन मैल, पाच मैल. मी झुलत होते, उंचीमुळे वळणावर कलत होते, पण चालले होते. सातव्या मैलाला वळण घेतलं आणि त्याने मला थांबवलं. इंजिन बंद करून तो खाली उतरला.

पायरी नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यापुढे दगड रचून कुणी छानसा उतार केला होता. चपटे दगड, फटींत खडी, वरून चाकांनी घट्ट दाबलेले. त्या दगडांच्या सांध्यांत झुडपं उगवली होती, आणि त्यातल्या एकाचं खोड अंगठ्याएवढं जाड झालं होतं. लायल तिथे बसला आणि ते झुडूप हातात धरून बघत राहिला.

"फार वाईट आहे का रे?" अर्लीनने आतून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "जाता येईल."

मी त्या उतारावरून चढले. माझ्या पत्र्याला खडासुद्धा लागला नाही.

खोपीशी पोचलो तेव्हा ओट्याच्या खांबावर झेंडा वर चढवलेला होता. आत कुणी राहायला असेल तर झेंडा वर करायचा, ही तिथली रीत. आणि खोपीशेजारी, जुन्या कुंपणाला लागून, एक गाडी उभी होती. लहान, बुटकी, चार दारांची, सरळ रस्त्यावर किराणा आणायला वापरतात तसली. टायरमधली निम्मी हवा काढलेली, मागच्या काचेतून फावड्याचा दांडा दिसत होता. माझ्याकडे बघून तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी अजून करते.

"कोण आलंय?" अर्लीनने विचारलं. तिला गाडी कळली, कारण ऊन पत्र्यावरून चमकत होतं.

"कुणाची तरी जीप आहे," लायल म्हणाला.

त्याने तिला उचलून खाली ठेवलं आणि तो डबे काढायला वळला. अर्लीन हात पुढे करून दोन-चार पावलं चालली. तिचा गुडघा त्या गाडीच्या बंपरला लागला. ती थांबली. वाकून तिने बॉनेटवर हात ठेवला, बॉनेट तिच्या कमरेच्याही खाली होतं. हात फिरवत फिरवत ती आरशापर्यंत गेली, छपरावरून हात नेला, दाराच्या कडीपर्यंत आणला. लायल हातात डबे घेऊन माझ्यामागे उभा होता. तो बघत होता, पण पुढे झाला नाही.

अर्लीनने त्या गाडीला थोपटलं.

"छान आहे जीप," ती म्हणाली.

खोपीतून एक बाई बाहेर आली. मार्वा तिचं नाव, पलीकडच्या खोऱ्यात टपाल वाटायची आणि सुट्टी मिळाली की इथे येऊन राहायची. मोकळ्या मनाची बाई. तिने लगेच कॉफी ठेवली, वाटेची चौकशी केली आणि कौतुकाने सांगितलं की पुरानंतर पहिल्याच ऑक्टोबरात ती आणि आणखी चार-पाच जण आले होते. सगळ्यांनी मिळून एका सकाळी ती पायरी भरली होती.

"तेव्हापासून मी याच गाडीने येते," ती म्हणाली. "हळू यायचं, बस."

पहिल्या ऑक्टोबरात. ज्या शनिवारी त्यांनी घरच्या ओट्यावर बसून डबे खाल्ले, त्याच्या आसपास. लायलने मान हलवली आणि तो ओट्यावरून उतरून माझ्यापाशी आला. काही काम असल्यासारखा माझ्या चाकाशी बसला. काम काहीच नव्हतं. मार्वाला काय कळायचं ते कळलं असावं, कारण ती मोळी आणते म्हणून डोंगराच्या पाठीमागे गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही.

सूर्य मावळतीला गेला. मी तळ्याकडे तोंड करून उभी होते. मला सगळं दिसत होतं. आधी तळं चुन्यासारखं पांढरं होतं, मग पिवळसर झालं, आणि मग कडेकडेने गुलाबी उतरायला लागला.

"लायल," अर्लीनने हाक मारली. "माझे तुकडे आण."

त्याने खणातून तिन्ही तुकडे काढून नेले. तिने ते मांडीवर ओळीने पसरले, डावीकडून उजवीकडे, बोटांनी कडा जुळवून. मग मान थोडी तिरकी केली, कारण तिला कडेचं थोडं उजळ दिसायचं.

"मला उजेड कळतोय," ती म्हणाली. "खूप उजेड आहे. रंग तू सांग."

लायल तिच्या शेजारी बसला होता. आयुष्यभर त्याने तेलाच्या रंगावरून यंत्राचं दुखणं ओळखलं होतं. तो तळ्याकडे बघत होता, मांडीकडे बघत होता, पुन्हा तळ्याकडे. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याचे डोळे इतके भरले होते की त्याला तळं दिसत नव्हतं. तो ते पुसायचा, पुन्हा भरायचे. गुलाबी रंग जेमतेम आठ-दहा मिनिटं राहतो.

"कुठला?" तिने विचारलं.

"हा," तो म्हणाला आणि त्याने मधल्यावर बोट ठेवलं.

तिने तो तुकडा घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवला. उरलेले दोन त्याच्या हातात दिले. मग तिचा हात त्याच्या गालापर्यंत गेला आणि ओला झाला.

"तुलाही दिसलं नाही ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी तिने त्याला खोपीतल्या वहीत लिहायला लावलं. जो येईल त्याने त्या वहीत नाव लिहायचं असतं. "लिही, लायल आणि अर्लीन, दुसऱ्यांदा," ती ओट्यावरून म्हणाली. उशिरा आलो असं लिहू का, असं त्याने आतून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तारीख असेल ना तिथे."

परत आल्यावर लायलने मला पुन्हा कधी पाना लावला नाही. अर्लीनला माझ्यात चढता येत नाही, म्हणून त्याने एक जुनी बुटकी चार दारांची गाडी घेतली. ती माझ्या शेजारीच उभी असते. सज्जन आहे, मला कधी टोचून बोलत नाही. हॉलिसने मध्यंतरी कुणाकडून तरी त्या दगडांच्या उताराचं ऐकलं. तो अंगणात आला, माझ्याजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. उतार झाल्याचं त्यालाही माहीत नव्हतं, हे लायलने मान्य केलंय. पण दोघांची कॉफी एकत्र होत नाही आता.

आता रोज संध्याकाळी लायल तिच्या शेजारी ओट्यावर बसतो आणि आभाळाचे रंग सांगतो. आधी त्याला शब्द सापडायचे नाहीत. लाल, जरा जास्त लाल, एवढंच. आता तो पिकलेल्या जर्दाळूचा रंग सांगतो, तांब्याच्या कच्च्या मातीचा सांगतो, तिच्या जुन्या निळ्या झग्याचा सांगतो. ती डोळे मिटून ऐकते. गोधडी पुरी झाली आहे आणि तिच्या गुडघ्यांवर असते. गुलाबी पट्टीवरून तिची बोटं सारखी फिरतात.

तो रंग चुकीचा आहे. मी तळ्याकडे तोंड करून उभी होते, मी बघितलंय. मधला नव्हता, उजवीकडचा होता. तो लायलने परत माझ्याच खणात ठेवला होता, कालपर्यंत तिथेच होता. हे सांगायला मला तोंड नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

काल मला बघायला एक माणूस आला. अंगणात मला बघून थांबला होता, पुठ्ठ्यावरचा नंबर त्याला लागलाच नव्हता. भला वाटला. बायकोला घेऊन वाळवंटात हिंडायचंय म्हणाला. लायलने किल्ली दिली आणि तो घरात निघून गेला, त्याला माझ्याजवळ फार वेळ थांबवत नाही. त्या माणसाने माझ्याखाली डोकं घातलं आणि फोनवर कुणाला तरी सांगायला लागला की काम चांगलं झालंय, अजून एखादा इंच उचलता येईल, पुढे एक लोखंडी बंपर, मग दिवे, वसंतापर्यंत तयार होईल.

ओट्यावरून अर्लीन म्हणाली, "अहो, तुमच्या बायकोला काय बघायचंय?"

तो बाहेर आला, कपडे झटकले. बायकोला समुद्राकडची उंच झाडांची जंगलं बघायची आहेत म्हणाला, ती कधीची मागे लागली आहे.

"मग हिच्यात पेट्रोल भरा आणि उद्या जा," अर्लीन म्हणाली.

तो हसला. आजीबाईंची गंमत वाटली असावी. एवढं एक काम झालं की निघणारच, असं त्याने तिला समजावलं. मग बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढली आणि पुसायला काही मिळतं का म्हणून माझा खण उघडला. दोन गुलाबी तुकडे होते. त्याने वरचा घेतला, पट्टी पुसली आणि काळा झालेला तुकडा हौद्यात टाकून दिला. वरचा तुकडा उजवीकडचा होता.

रविवारी तो पैसे घेऊन मला न्यायला येणार आहे. जाईन मी, मला कुणी विचारणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की तुमच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल, आणि घरात कुणी कितीतरी दिवस 'निघू या का' म्हणून विचारत असेल, तर पाना खाली ठेवा आणि तिला उचलावं लागायच्या आत गाडीत बसवा. मला तीन वर्षं सजवलं, उचललं, मजबूत केलं. मी त्या पहिल्या सोळा दिवसांच्याही आधी तयार होते. कुंपणवाल्याच्या तारांची भेंडोळी उतरवून मी ज्या दिवशी या अंगणात आले, अर्लीन हसत माझ्यात बसली, त्याच संध्याकाळी मी तयार होते.